मंडळाच्या वेबसाइटवरची शिरोरेषा : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

१ जून, रविवार

आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट मार्चपासून सुरू आहे. दांडिया बाजारातलं मंडळ, खाली वाचनालय, वर हॉल. साइटवर पुस्तकांची यादी, कार्यक्रमांची पत्रकं, मंडळाचा इतिहास आणि आजवरच्या अध्यक्षांची नावं, एवढंच. पानं मराठीतही आहेत आणि गुजरातीतही, कारण बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांतली नातवंडं मराठी बोलतात पण वाचतात गुजराती.

तक्रार सचिवकाकांची. "अगं, आपली अक्षरं उंदरानं कुरतडल्यासारखी का दिसतात? गुजराती बघ कशी गुळगुळीत आहे!"

मी दिवसा रावपुऱ्यात एका सी.ए.च्या ऑफिसात बसते, वेबचं काम हौसेनं शिकलेय. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आहे, त्याच्या आत हे निस्तरते असं कबूल करून बसले. आणखी कुणी आपल्या मंडळासाठी हेच करायला घेईल तर त्याचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी. चुका गाळणार नाही.

साइटचा साचा एका ओळखीच्या गुजराती डिझायनरने फुकटात दिलेला आहे. त्याने तो इथल्या दुकानदारांसाठी केला होता. काका "गुजराती बघ" म्हणाले त्यातच अर्धं उत्तर होतं. मला ते कळायला महिना लागला (हे वाक्य नंतर जोडलंय).

३ आणि ५ जून

दोन संध्याकाळी वाया.

साच्याच्या स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाईलीत, 'फॉन्ट-स्मूदिंग' अशी एक ओळ होती. नावच असं की वाटावं, गुळगुळीतपणाची कळ हीच. तिची किंमत बदलत बसले. कधी 'अँटीएलियस्ड', कधी 'सबपिक्सेल', कधी 'ऑटो', कधी काहीच नाही. दर वेळी पान रिफ्रेश करायचं, डोळे बारीक करून बघायचं आणि स्वतःची समजूत घालायची की हो, आता जरा बरं दिसतंय. गुरुवारी रात्री अक्कल आली. चारही वेळचे स्क्रीनशॉट घेऊन एकावर एक ठेवले. एका पिक्सेलचाही फरक नाही.

ही ओळ फक्त मॅकवर चालते. फायरफॉक्सची अशीच वेगळी ओळ आहे, तीही मॅकपुरतीच. विंडोज आणि अँड्रॉइड तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मॅकवरसुद्धा ती अक्षर थोडं बारीक करते इतकंच, आणि २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून मॅकने रंगीत कडांचं स्मूदिंग आपणहूनच बंद ठेवलंय. डिझायनरला फोन केला तर म्हणतो, "मारा मॅकमां तो मस्त देखाय छे." दिसणारच. आमच्या सभासदांत मॅक कुणाकडे असेल असं मला वाटत नाही.

पाच तास गेले. तेव्हापासून नियम केलाय : स्क्रीनशॉट काढायचा, आठपट मोठा करायचा, मगच बोलायचं.

८ जून

आज जुने तोडगे करून बघितले आणि काढून टाकले. अजूनही कितीतरी स्टाइलशीटांत ते पडलेले असतात, म्हणून लिहिते.

पहिला, अक्षराला ०.३ पिक्सेलची बारीक किनार लावायची. दुसरा, परिच्छेद अंशाच्या हजाराव्या भागाइतका फिरवायचा, म्हणजे ब्राउझर तो निराळ्या रीतीने रंगवतो. दोन्ही तोडगे विंडोजवरचं क्रोम जुन्या पद्धतीने अक्षरं काढायचं त्या काळातले. २०१४ साली ३७ व्या आवृत्तीपासून क्रोम डायरेक्टराइट या विंडोजच्या नव्या अक्षर काढण्याच्या पद्धतीवर गेलं आणि त्यांचं कारण संपलं. आता ते नुसतं नुकसान करतात. फिरवलेला परिच्छेद धुक्यात गेल्यासारखा झाला. किनारीने तर मजाच केली. देवनागरीत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतला फरक एवढ्याशा फटीवर नाहीतर गाठीवर असतो. किनारीने ती फट भरली आणि 'धर्मशाळा' चक्क 'घर्मशाळा' वाचली जाऊ लागली. इंग्रजीत 'ओ' जरा जाड झाला तर कुणाचं काही अडत नाही.

१५ जून, मंडळात

सगळ्यात लाजिरवाणी नोंद हीच.

इतके दिवस मी घरच्या लॅपटॉपवर बघत होते आणि काका मंडळाच्या संगणकावर. आज पहिल्यांदा त्यांच्या खुर्चीत बसून बघितलं. खरोखरच कुरतडलेली अक्षरं, कडांना जिन्यासारख्या पायऱ्या. पण पायऱ्या आमच्याच साइटला नव्हत्या. मेन्यूला होत्या, फोल्डरांच्या नावांना होत्या, घड्याळाला होत्या.

कारणं तीन निघाली. मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा, पण १०२४ बाय ७६८ वर लावलेला, म्हणजे प्रत्येक अक्षर आडवं ताणून बसवलेलं. केबल जुनी निळ्या टोकाची व्हीजीए, अ‍ॅनालॉग, त्यामुळे कडा मुळातच पसरट. आणि मुख्य म्हणजे, संगणक हळू चालतो म्हणून दुरुस्तीवाल्याने विंडोजच्या व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडून ठेवलं होतं. त्या एका निवडीने 'स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स'ची खूणही जाते. अक्षरं मऊ करायचीच नाहीत असा हुकूम संगणकाला देऊन ठेवलेला, आणि मी पंधरा दिवस घरी स्टाइलशीट उसवतेय.

खूण परत लावली, रिझोल्यूशन पॅनलच्या मूळ मापावर आणलं, विंडोजमध्येच असलेला, अक्षरांच्या कडा डोळ्यांना जुळवून देणारा क्लीअरटाइप ट्यूनर चालवून काकांकडूनच 'यातलं कुठलं बरं दिसतं' ते निवडून घेतलं. न्यायमंदिराजवळून एचडीएमआय केबल आणली, २५० रुपये. साइटची एक ओळही न बदलता निम्मी तक्रार मिटली.

काका म्हणाले, "मग इतके दिवस तू करत काय होतीस?" उत्तर नव्हतं. वर सेव-उसळ त्यांनीच खिलवली.

निम्मी मिटली म्हटलं, कारण नंतरही मराठी पान गुजरातीपेक्षा कळकट दिसतंच होतं. पायऱ्या गेल्या, पण शब्दांच्या डोक्यावर काहीतरी बिनसलेलं होतं.

२२ जून

आता साइटचे स्वतःचे दोष. पहिला सोपा होता.

शीर्षकांना साच्यात एक पिक्सेल लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जास्तीचं अंतर, होतं. गुजरातीत अक्षरं सुटी, डोक्यावर रेघ नाही. त्यांच्यामध्ये हवा खेळवली तर शीर्षक ऐसपैस आणि छान दिसतं. मराठीत तीच हवा शिरोरेषेत शिरते. 'वाचनालय' या शब्दाच्या रेघेला चार फटी पडल्या, पडलेल्या दातांसारख्या. शून्य केलं, फटी गेल्या. शीर्षक मोकळं दिसायला हवं असेल तर मराठीत अक्षर मोठं करायचं किंवा दोन शब्दांमधलं अंतर वाढवायचं. अक्षरांच्या मध्ये काही घालायचं नाही.

२४ जून, रात्री

दुसरा दोष शोधायला तीन तास लागले आणि या सगळ्या प्रकरणातला माझा आवडता तोच आहे.

आठपट मोठं करून बघताना शिरोरेषेवर ठिपके दिसले. ठराविक अंतराने, दर अक्षराच्या सांध्यावर एक गडद ठिपका. रेघेवरून मुंग्या चालल्यात जणू. आधी फॉन्टवर संशय घेतला, दुसरा लावला, मुंग्या तशाच. गुजराती पानावर एकही नाही.

दोष रंगाचा होता. साच्यात मजकुराचा रंग पूर्ण काळा नव्हता, ८७ टक्के अपारदर्शक काळा होता. फॉन्टमध्ये शिरोरेषा ही एक सलग रेघ नसते. प्रत्येक अक्षर आपला तुकडा घेऊन येतं, आणि सांध्यात फट दिसू नये म्हणून तो तुकडा शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेला असतो. रंग भरीव असेल तर चढलेला भाग कळत नाही. रंग पारदर्शक असला की त्या जागी दोन हात बसतात, जलरंगात बसावेत तसे, आणि ठिपका उमटतो.

पांढऱ्यावर ८७ टक्के काळा म्हणजे भरीव रंगात '२१२१२१' हा रंगाचा कोड. तो घातला, मुंग्या गेल्या. कुठे फिकेपणा हवाच असेल तर तो रंगात न देता सगळ्या डब्याला 'ओपॅसिटी' देऊन आणायचा. मग मजकूर आधी अख्खा रंगवला जातो आणि नंतर एकदम फिका होतो, सांधे दिसत नाहीत.

आजी सांगायची, तिचे सासरे गायकवाडी दफ्तरात कारकून होते. मोडी लिहिताना आधी कागदभर आडव्या रेघा मारून घ्यायच्या आणि मग त्यांना अक्षरं टांगायची. त्या रीतीत सांधा येतच नाही.

जाता जाता तळटिपांचा राखाडी '७७७' रंगही बदलला. पांढऱ्यावर त्याचं कॉन्ट्रास्ट ४.४८ भरतं, सुलभतेच्या नियमात साध्या मजकुराला किमान ४.५ लागतं. आमच्या वाचकांच्या वयाकडे बघता मी '५५५' घातला.

२९ जून

खोटा ठळकपणा. साच्यात फॉन्टचं फक्त साधं वजन (जाडी) जोडलेलं होतं आणि शीर्षकांना मात्र ठळक सांगितलं होतं. ठळक फाईल नसेल तर ब्राउझर हातातलं अक्षर फुगवून वेळ मारून नेतो. गाठी बुजतात, जोडाक्षरांचा लगदा होतो. 'सांस्कृतिक'मधला 'स्कृ' ओळखता येत नव्हता. ६०० वजनाची खरी फाईल जोडली आणि 'फॉन्ट-सिंथेसिस' बंद करून टाकलं, म्हणजे पुढे कधी फाईल हरवली तर ब्राउझर परस्पर सोंग आणणार नाही, चूक डोळ्यांना दिसेल.

उताऱ्यांना तिरकी अक्षरं होती, तीही काढली. देवनागरीला वेगळं तिरकं वळण नाही, ब्राउझर नुसतं ढकलून तिरपं करतो.

६ जुलै, आषाढी एकादशी

सुट्टी, खिचडी आणि दिवसभर आठपट भिंग.

चाचणीचा परिच्छेद मंडळाच्या इतिहासाच्या पानावरचा घेतला : महाराज सयाजीराव १८७५ साली गादीवर आले, १९०६ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं वगैरे. त्यातला 'गादीवर' हा एकच शब्द घेऊन बसले. मजकूर १६ पिक्सेलचा, घरचा लॅपटॉप विंडोजचा, १३६६ चाच.

उभे काने बघितले तर सुरेख. काळी उभी पट्टी, डाव्या कडेला तांबूस झाक, उजव्या कडेला निळसर. हे क्लीअरटाइप. मायक्रोसॉफ्टने ते १९९८ साली जाहीर केलं. स्क्रीनचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी. त्या वेगवेगळ्या पेटवल्या की आडव्या दिशेने तिप्पट बारकाई मिळते. उभ्या रेघेची कड कुठे पडावी हे पिक्सेलच्या तिसऱ्या भागापर्यंत ठरवता येतं.

आणि शिरोरेषा? दोन ओळी, दोन्ही राखाडी. काळी एकही नाही.

इथे डोक्यात प्रकाश पडला. तिप्पट बारकाई मिळते ती आडव्या दिशेने. रोमन अक्षराचा सगळा भार उभ्या खांबांवर, त्याला ती फळते. गुजरातीलाही बऱ्यापैकी फळते. आपल्या लिपीत शब्दाला धरून ठेवणारी रेघ आडवी, आणि खाली-वर त्या पट्ट्या काहीच देत नाहीत. १६ पिक्सेलला माझ्या फॉन्टची शिरोरेषा साधारण सव्वा पिक्सेल जाड येते. ती नेमकी पिक्सेलांच्या ओळीवर बसली तर एक ओळ काळी आणि खाली थोडी सावली. मधोमध पडली तर थोडी वरच्या ओळीत, थोडी खालच्या, दोन्ही राखाडी. ब्राउझर आता उभ्या दिशेनेही कडा मऊ करतात, त्यामुळे पायरी दिसत नाही पण रेघ पुसट होते. काकांना जे कळकट वाटत होतं ते हे.

म्हणजे गेला महिनाभर मी जे जे करून बघत होते ते उभ्या खांबांच्या लिपीसाठी काढलेलं औषध होतं.

फोनवरून कुणाचीच तक्रार का नव्हती हेही कळलं. तिथे स्टाइलशीटमधला एक पिक्सेल म्हणजे स्क्रीनवरचे खरे तीन, सव्वाचे पावणेचार होतात. एखादी ओळ राखाडी पडली तरी कोण बघतंय.

११ जुलै, शुक्रवार

इलाजाचं नाव हिंटिंग. अक्षराच्या फाईलमध्येच सूचना असतात की इतक्या मापाला ही आडवी रेघ उचलून पूर्ण पिक्सेलवर बसव. मी वापरत होते ती नोटो सान्स देवनागरी या फॉन्टची व्हेरिएबल फाईल, एकाच फाईलीत वजनं हवी तितकी पण हिंटिंग नाही. नोटोच्या मूळ संचात 'हिंटेड' आणि 'अनहिंटेड' असे वेगळे फोल्डर असतात. हिंटेडमधली साधी आणि ६०० अशा दोनच फाईली घेतल्या. मुक्त परवान्याचा फॉन्ट आहे, पैसे नाहीत. एखाद्या आवडत्या फॉन्टला हिंटिंग नसेलच तर 'टीटीएफऑटोहिंट' हे साधन ते आपोआप घालतं, देवनागरी त्याला कळते. मला गरज पडली नाही.

फरक : 'गादीवर'ची शिरोरेषा एक ओळ, काळीभोर, टोकापासून टोकापर्यंत. मी आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "चष्मा पुसल्यासारखं झालं."

याची किंमतही आहे. सव्वा पिक्सेलची रेघ एकावर बसते म्हणून मजकूर किंचित हलका होतो. आणि माप वाढवत गेलं की एका ठिकाणी रेघ एकदम एकावरून दोनावर उडी मारते. माझ्याकडे ती उडी २० पिक्सेलच्या आसपास पडली. उपशीर्षकं २० ची होती, ती मजकुरापेक्षा भलतीच दणकट दिसायला लागली. शेवटी मजकूर १७ आणि शीर्षकं २४ ठेवली, मधलं माप वापरलंच नाही. मॅक हिंटिंग बघतच नाही, त्यामुळे डिझायनरला काहीच बदललेलं दिसलं नाही. चालशे.

२० जुलै

मागच्या आठवड्याचं काम या आठवड्यात माझ्याच हाताने धुऊन टाकलं.

फाईली जड होत्या म्हणून फॉन्टटूल्स या साधनसंचातल्या साधनाने सबसेट काढला, म्हणजे लागणारी अक्षरं ठेवून बाकीची छाटली. आज्ञा जुन्या वहीतून जशीच्या तशी उतरवली. लागणाऱ्या अक्षरांची यादी एका हिंदी साइटच्या कामातली होती, तीच दिली.

पान उघडलं आणि आमच्या नावातल्या 'मंडळ'चा 'ळ'च परका! बाकी शब्द एका फॉन्टात, 'ळ' विंडोजच्या निर्मला फॉन्टमध्ये. हिंदीला 'ळ' लागत नाही, यादीत नव्हता. तो घातला. मग 'दुसऱ्या मजल्यावर'मधला 'ऱ्या' निराळा दिसला. 'ऱ' नव्हता. तोही घातला. झालं म्हणून साइटवर चढवलं. दोन दिवसांनी वाचनालयातल्या ताईंनी विचारलं, अध्यक्षांच्या यादीत वकिलांच्या नावामागचं 'ॲड.' जाड का? 'ॲ'. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरयादीत, हे अक्षर २००८ साली आलं आणि त्याची जागा देवनागरीच्या खंडाच्या शेवटाकडे आहे. तुकड्या-तुकड्याने जोडत बसलं की हे असं होतं.

आता देवनागरीचा सबंध खंड ठेवते, १२८ च्या १२८ जागा. त्याशिवाय अक्षरं जोडणारं आणि तोडणारं अशी शून्य रुंदीची दोन न दिसणारी चिन्हं, रिकामं ठिपक्यांचं वर्तुळ, अवतरणचिन्हं आणि रुपयाचं चिन्ह. रुपया देवनागरीच्या खंडात नसतो, देणगीच्या पानावर तोही उपरा दिसला होता. इतकं ठेवूनही फाईल पुरेशी हलकी झाली.

पण खरी चूक वेगळीच. वहीतल्या आज्ञेत 'नो-हिंटिंग' लिहिलेलं होतं. फाईल लहान होते म्हणून कधीतरी मीच उतरवून घेतलं असणार. हिंटिंग गेलं, शिरोरेषा परत दोन राखाडी ओळींवर. अक्षरांच्या मागे लागल्यामुळे हे बघायचं राहूनच गेलं, काकांनी सांगितलं तेव्हा कळलं. ते शब्द काढले, फाईल परत बनवली. या साधनाचं काही न सांगता वागणं हिंटिंग राखण्याचंच असतं, मीच हट्टाने घालवलं होतं. वहीतलं पान फाडून टाकलंय.

२७ जुलै

थोडक्यात. पहिल्या पानावरची सूचनांची चौकट धूसर दिसायची, बाकी पान स्वच्छ. चौकट मध्यावर आणायला ती स्वतःच्या उंचीच्या निम्म्याने वर सरकवली होती. उंची विषम आली की सरकणं अर्ध्या पिक्सेलवर संपतं आणि आतला मजकूर दोन ओळींच्या मध्ये लोंबकळतो. शिवाय 'विल-चेंज' (हे पुढे बदलणार आहे अशी ब्राउझरला सूचना) लावलेलं, त्यामुळे चौकट वेगळ्या थरावर जाऊन क्लीअरटाइपही गमावत होती. दोन्ही काढून ग्रिड या मांडणीच्या पद्धतीने मध्यावर आणली. वीस मिनिटांचं काम.

३ ऑगस्ट

गणेशोत्सवाचं पत्रक चढवलं. कार्डावर शीर्षक दिसलं : 'मूतीची स्थापना'.

मी शुद्धलेखन तपासलं, 'मूर्तींची' बरोबरच होतं. कार्डाची लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या मापाच्या पटीत) १.२ आणि जास्तीचं कापून टाकायची सूचना. 'र्तीं' म्हणजे शिरोरेषेच्या वर वेलांटी, तिला टेकून रफार, त्यावर अनुस्वार. १.२ मध्ये तेवढी माडी मावत नाही, वरचं छाटलं गेलं. खाली 'कृष्णाष्टमी'च्या 'कृ'चं शेपूटही तुटलेलं. मजकुराला १.७ दिली, शीर्षकांना १.५, आणि कार्डावरची कापाकापी बंद. मूळ साच्यात १.२ चुकीची नव्हती, गुजरातीत ती कशीबशी निभावते.

शेजारच्यांना हे विशेष सांगावंसं वाटतं : चाचणीचा मजकूर 'कमल घर चल' असला घेऊ नका. 'मूर्तींची', 'कृष्णाष्टमी', 'दुसऱ्या', 'ॲड.' हे चार शब्द ठेवा.

१० ऑगस्ट

एक निवृत्त शिक्षिका आमच्या सभासद आहेत, सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांनी पान बघितलं, गुळगुळीत वगैरे काही बोलल्या नाहीत. "हा ल आपला नाही," एवढंच म्हणाल्या. "शसुद्धा."

बरोबर. पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' यायला हवेत, येत होते हिंदी वळणाचे. नोटोत दोन्ही रूपं भरलेली आहेत, पण कुठलं काढायचं हे पानाच्या भाषेवरून ठरतं, आणि पानाच्या पहिल्याच ओळीत भाषा लिहिली होती गुजराती. साच्यातून तशीच आलेली. मराठी केली, पान रिफ्रेश केलं, दोन्ही अक्षरं वळली. गुजराती परिच्छेदांना त्यांची भाषा वेगळी लावली.

एक मिनिटाचं काम, आणि सभासदांच्या सगळ्यात जास्त लक्षात राहिलं तेच. हिंटिंगबद्दल अजून एकानेही विचारलेलं नाही.

१७ ऑगस्ट, मंडळात

काकांच्या संगणकावर, वाचनालयातल्या जुन्या लॅपटॉपवर आणि तीन फोनांवर सगळी पानं तपासली. काका ब्राउझर ११० टक्क्यांवर ठेवतात, तिथेही शिरोरेषा एका ओळीवर बसते. पान उघडताना पहिला क्षणभर विंडोजचा फॉन्ट दिसून मग आमचा येतो, मजकूर जरा हलतो. साध्या वजनाची फाईल आधी मागवून ठेवायची सूचना दिली, घरच्या वायफायवर आता जाणवत नाही.

२४ ऑगस्ट

पत्रक लागलं. हिशेब : एचडीएमआय केबल २५० रुपये, बाकी खर्च नाही. वेळ अदमासे पंचेचाळीस तास. त्यातले निम्मे १५ जूनच्या आधीचे आणि २० जुलैचे, म्हणजे फुकट.

राहिलेलं : जुनी चाळीसेक पत्रकं चित्रांच्या रूपात आहेत, जुन्या फॉन्टात टाइप करून जेपीईजी केलेली. अक्षरांभोवती करड्या धुळीचे चौकोन दिसतात, त्यांना कुठलीच स्टाइलशीट लागू पडत नाही. ती पुन्हा टाइप करण्यावाचून इलाज नाही. गौरी उठल्या की बसेन.

काकांना काल पान दाखवलं. चष्मा वर करून, खाली करून बघितलं. म्हणाले, "मराठी झकास. पण आता ही गुजराती फिकी नाही वाटत?"

बघितलं. वाटते. गुजरातीची फाईल अजून ती जुनी व्हेरिएबलच आहे.